चारशे किलोमीटरसाठी अठ्ठावीस तास का लागले?

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेतल्या बाईंनी त्यांच्या सातवीच्या वर्गातला प्रश्न कळवला आहे. शुभांशु शुक्ला आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचं यान २५ जून २०२५ ला भारतीय वेळेनुसार दुपारी १२ वाजून १ मिनिटाने उडालं आणि २६ जूनला दुपारी ४ वाजून १ मिनिटाने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडलं गेलं. म्हणजे बरोबर २८ तास. स्टेशन तर डोक्यावर जेमतेम चारशे किलोमीटर उंचीवर आहे. एक मुलगा म्हणाला, मुंबईहून कोल्हापूर तेवढंच लांब आहे आणि रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी पोचतो, मग रॉकेटला सव्वा दिवस का? दुसऱ्या मुलीने कुठेतरी वाचलं होतं की रशियाचं सोयुझ तीन तासांत पोचतं. मग अमेरिकेचं यान हळू चालतं का?

बाई, दोन्ही मुलांना माझ्यातर्फे शाबासकी द्या. उपग्रहांच्या कक्षा मोजणं आणि त्या राखणं या कामात माझी तीस वर्षं गेली. हाच प्रश्न मला इंजिनिअर झालेल्या मुलांनीही विचारला आहे. बातम्यांमध्ये ‘२८ तासांचा प्रवास’ असं छापून आलं आणि घोटाळा त्या ‘प्रवास’ शब्दापासूनच सुरू झाला.

आधी कोल्हापूरचा हिशेब बघू. कोल्हापूर जागचं हलत नाही. स्टेशन मात्र सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त, म्हणजे ताशी सुमारे २७,६०० किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती धावत असतं. त्याची एक फेरी साधारण ९३ मिनिटांत होते. तेव्हा नुसतं चारशे किलोमीटर वर जाऊन काही साधत नाही. वर पोचलात आणि अंगात तेवढा आडवा वेग नसेल, तर स्टेशन डोळ्यांसमोरून बंदुकीच्या गोळीच्या कितीतरी पट वेगाने निघून जाईल आणि तुम्ही दगडासारखे खाली याल. रॉकेटची खरी मेहनत हा आडवा वेग मिळवण्यात खर्च होते. उंची त्या मानाने स्वस्तात मिळते. त्यांच्या फाल्कन ९ रॉकेटने पहिल्या नऊ-दहा मिनिटांत ते काम उरकलं आणि चौघांचं ड्रॅगन यान सुमारे दोनशे किलोमीटर उंचीच्या कक्षेत सोडून दिलं. तुमच्या मुलाला अपेक्षित असलेला प्रवास तिथे जवळजवळ संपलाच होता. उरलेले तास पाठलागाचे.

पाठलाग कसा होतो ते शाळेच्या मैदानावर दाखवता येईल. चुन्याच्या फक्कीने एकात एक दोन गोल आखा. बाहेरच्या गोलावर एक मुलगी पळते आहे, ती स्टेशन. आतल्या गोलावर एक मुलगा, तो ड्रॅगन. आतला गोल लहान, म्हणून मुलाची फेरी लवकर संपते. अंतराळात त्याच्यावर आणखी एक भर पडते: खालच्या कक्षेतल्या यानाचा वेगही जास्त असतो, कारण तिथे पृथ्वीची ओढ जास्त आहे. दोनशे किलोमीटर उंचीवर एक फेरी साडेअठ्ठ्याऐंशी मिनिटांत होते, तर ४१५ किलोमीटरवर सुमारे ९२.९ मिनिटांत. फरक फक्त साडेचार मिनिटांचा. वर्तुळाच्या भाषेत सांगायचं तर खालचं यान दर फेरीला साधारण १७ अंशांनी जवळ येतं. समजा, उड्डाणानंतर स्टेशन नेमकं पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला आहे, म्हणजे १८० अंश पुढे. तर साडेदहा फेऱ्या, म्हणजे पंधरा-सोळा तास नुसता हा फरक भरून काढण्यात जातील. या कोनाला आमच्या कामात फेज अँगल म्हणतात आणि तो भरून काढण्याला फेजिंग. २८ तासांचा सगळ्यात मोठा वाटेकरी हाच.

इथे मुलं हमखास विचारतील, ‘मग जोरात जा ना!’ याचं उत्तर माझ्या आवडीचं आहे, म्हणून थोडा थांबतो.

कक्षेत पुढच्या यानाकडे तोंड करून इंजिन पेटवलं, तर क्षणभर आपण जवळ जातो. पण वाढलेल्या वेगामुळे आपली कक्षा फुगते, आपण वर चढतो, वरची फेरी मोठी आणि संथ असते, आणि अर्ध्या-पाऊण तासात पुढचं यान पूर्वीपेक्षा लांब गेलेलं दिसतं. जवळ जायचं तर आधी वेग कमी करून खाली उतरायचं, खालून पुढे सरकायचं आणि नेमक्या क्षणी वर यायचं. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ मोहिमेत जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. टप्पा समोर दिसत होता. ते त्याच्या दिशेने जोर लावत राहिले आणि तो लांब जात राहिला. इंधन फार खर्च व्हायला लागलं तेव्हा प्रयत्न सोडावा लागला. ते निष्णात वैमानिक होते, पण विमानात मुरलेली सवय कक्षेत उलटी पडते. मी शिकाऊ असताना संगणकावरच्या सरावात तेच केलं होतं. समीकरणं पाठ होती, तरी हात आपोआप पुढच्या बटणाकडे गेला आणि पडद्यावरचा ठिपका दूर जाऊ लागला. माझ्या वरिष्ठांनी त्या दिवशी मला उत्तर सांगितलं नाही. त्यांनी कागदावर दोन वर्तुळं काढली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. तुम्हाला मैदानावर दोन गोल आखायला सांगतो आहे ते तिथूनच आलं.

डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी ६ए हे यान जेमिनी ७ च्या शेजारी नेऊन उभं करण्यात वॉली शिरा यांना यश आलं, तेव्हापासून खालून पुढे सरकून वर चढण्याचीच रीत चालत आली आहे. ड्रॅगन तेच करतं. त्याच्या अंगावर ड्रॅको नावाची सोळा छोटी इंजिनं आहेत. ती ठरावीक वेळी थोडा थोडा वेळ पेटतात आणि कक्षा पायरी-पायरीने वर येते. आधी स्टेशनच्या सुमारे दहा किलोमीटर खाली, मग अडीच किलोमीटर खाली. प्रत्येक बर्ननंतर, म्हणजे इंजिन पेटवून झाल्यावर, आपण नक्की कुठे आहोत हे पुन्हा मोजायचं, पुढच्या बर्नचा आकडा सुधारायचा. घाई केली तर पहिल्या पायरीची चूक पाचव्या पायरीला कितीतरी पटीने मोठी होऊन भेटते.

आता सोयुझचं. तुमच्या विद्यार्थिनीने वाचलेलं खरं आहे. १४ ऑक्टोबर २०२० ला निघालेलं सोयुझ एमएस-१७ तीन तास आणि काही मिनिटांत, फक्त दोन फेऱ्यांत पोचलं. पण २०१३ च्या मार्चपर्यंत हेच सोयुझ तिथे जायला दोन दिवस घेत होतं. त्यानंतर सहा तासांचा मार्ग आला, मग तीन तासांचा. यान जास्त जोरात पळायला लागलं म्हणून वेळ घटला असं नाही. उड्डाणाच्या क्षणी स्टेशन आकाशात नेमकं कुठे असेल हे आधीच जुळवून ठेवलं जातं. त्यासाठी बरेच दिवस आधीपासून स्टेशनची कक्षा थोडी थोडी हलवावी लागते. चारशे टनांहून जड घर पाहुण्याच्या वेळेसाठी सरकवायचं, आणि उड्डाण एका दिवसाने पुढे गेलं की तो जमवलेला कोन बिघडतो. कझाकस्तानातून सोयुझ सहसा ठरल्या दिवशी, ठरल्या मिनिटाला सुटतं, म्हणून त्यांना हे परवडतं. फ्लोरिडात वादळ, वारा, समुद्रातली लाट या सगळ्यांचा विचार करावा लागतो. तिथे जो कोन वाट्याला येईल त्यावर निघायचं आणि कक्षेत वाट बघायची हेच शहाणपणाचं. हे ड्रॅगनच्या मंद चालीमुळे होत नाही याचा पुरावाही आहे. १ ऑगस्ट २०२५ ला, म्हणजे शुक्ला परतल्यावर अवघ्या अडीच आठवड्यांनी, त्याच तळावरून त्याच जातीचं ड्रॅगन क्रू-११ चे चौघे घेऊन निघालं आणि पंधरा तासांच्या आत स्टेशनला लागलं. स्टेशन तेच, यानाची जात तीच, कोन मात्र वेगळा.

उड्डाणाची वेळ मिनिटाला का बांधलेली असते, तेही यातच बसतं. स्टेशनची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेल्या प्रतलात आहे. पृथ्वी त्या प्रतलाखाली फिरत राहते, आणि फ्लोरिडातला तळ नेमका त्या प्रतलाखाली येतो तेव्हाच रॉकेट सोडायचं. चुकलात तर प्रतल बदलायला जे इंधन लागेल ते यानात नसतंच. हे प्रतलही स्थिर नाही. पृथ्वीचं पोट विषुववृत्तापाशी थोडं सुटलेलं आहे. त्याच्या ओढीने प्रतल रोज सुमारे पाच अंश पश्चिमेकडे सरकतं. त्यामुळे उड्डाणाची वेळ रोज वीस मिनिटं अलीकडे येते. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, तीही चार मिनिटं त्यात मिळवा. मुलांना जुन्या बातम्यांतल्या वेळा देऊन हे तपासायला सांगा: शुक्लांच्या मोहिमेचं, म्हणजे ॲक्सिऑम-४ चं, उड्डाण ११ जूनला ठरलं होतं तेव्हा वेळ होती भारतीय घड्याळात संध्याकाळी साडेपाच. प्रत्यक्ष २५ जूनला ते उडालं दुपारी १२ वाजून १ मिनिटाने. चौदा दिवसांत ३२९ मिनिटं अलीकडे, म्हणजे दिवसाला साडेतेवीस. वर्तमानपत्रातल्या दोन वेळांमधून पृथ्वीचं सुटलेलं पोट मोजता येतं. वर्गात करून बघण्यासारखी यापेक्षा चांगली गोष्ट मला सुचत नाही.

ते चौदा दिवस का गेले, हेही मुलांना सांगायला हवं. रॉकेटच्या चाचणीत द्रव ऑक्सिजनची गळती सापडली. ती दुरुस्त होते तोवर स्टेशनच्या रशियन बाजूला, झ्वेज्दा मॉड्यूलच्या मागच्या बोगद्यात वर्षानुवर्षं असलेल्या गळतीच्या दुरुस्तीनंतर हवेचा दाब वेगळा वागू लागला. दाब नक्की का बदलला हे कळेपर्यंत पाहुणे नकोत, असं ठरलं. पाहुण्यांची गाडी तयार होती, पण घरात काम निघालं होतं. त्या दिवसांत फोनवर बरेच जण चिडून ‘तारीख पे तारीख’ म्हणत होते. माझ्या मते तो या मोहिमेतला सगळ्यात जबाबदार निर्णय होता.

शेवटच्या काही शे मीटरांना किती वेळ लागतो, ते बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. स्टेशनभोवती दोनशे मीटर त्रिज्येचा एक अदृश्य गोल मानलेला आहे. परवानगीशिवाय त्यात शिरायचं नाही. ड्रॅगन चारशे मीटरवर थांबतं, दोनशे वीसवर थांबतं, वीस मीटरवर पुन्हा थांबतं. प्रत्येक थांब्यावर ह्यूस्टन आणि कॅलिफोर्नियातल्या नियंत्रण कक्षांतली मंडळी आकडे बघून ‘जा’ म्हणतात, तेव्हाच ते पुढे सरकतं. हे काम यानाचा संगणक लेझर आणि कॅमेऱ्यांच्या आधारे स्वतः करतो. शुक्ला पायलटच्या आसनावर होते. त्यांचं काम प्रत्येक आकड्यावर नजर ठेवणं आणि गरज पडली तर थांबवणं किंवा मागे घेणं. दोन्ही यानं ताशी २७ हजार किलोमीटरने धावत असतात, आणि एकमेकांना टेकताना त्यांच्यातला फरक असतो सेकंदाला दहा सेंटिमीटरच्या आसपास. मुंगीपेक्षा थोडा जास्त. त्या दिवशी हार्मनी मॉड्यूलच्या माथ्यावरच्या पोर्टला ते टेकलं, तेही ठरल्या वेळेच्या सुमारे अर्धा तास आधी.

आपणही हा धीर नुकताच शिकलो. स्पेडेक्स मोहिमेत इस्रोने सुमारे २२० किलोंचे दोन उपग्रह ४७५ किलोमीटर उंचीवर एकमेकांना जोडले. ३० डिसेंबर २०२४ ला उड्डाण झालं. जोडणीच्या तारखा दोनदा पुढे गेल्या. १२ जानेवारीला दोघं पंधरा मीटर, मग तीन मीटरपर्यंत जवळ आले, आणि तिथून त्यांना पुन्हा लांब नेलं. तीन मीटरवर आलेली गोष्ट मागे घेणं ज्यांना जमतं त्यांच्या हाती यान द्यावं, असं मला त्या रात्री वाटलं. १६ जानेवारी २०२५ ला जोडणी झाली, आणि हे जमणारा भारत चौथा देश ठरला.

यान हाताने जोडायची वेळ आली तर काय होतं, हे जाणणारे दोघे जण राकेश शर्मांच्या शेजारी बसले होते. ही हकीकत आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. ३ एप्रिल १९८४ ला बैकोनूरहून सोयुझ टी-११ निघालं आणि सुमारे पंचवीस तासांनी सॅल्यूत ७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकाला लागलं. कमांडर होते यूरी मालिशेव. १९८० मध्ये सोयुझ टी-२ चा संगणक अगदी शेवटच्या टप्प्यात बंद पडला, तेव्हा त्यांनी यान हाताने जोडलं होतं. फ्लाइट इंजिनिअर होते गेन्नादी स्त्रेकालोव. एप्रिल १९८३ मध्ये त्यांच्या सोयुझ टी-८ चं रडार अँटेना तुटून गेलं. कमांडर व्लादिमीर तितोव यांनी नुसत्या डोळ्यांनी अंतर जोखत जवळ जायचा प्रयत्न केला. यान पृथ्वीच्या सावलीत शिरलं, वेग जास्त वाटला, आणि टक्कर टाळण्यासाठी त्यांनी ते बाजूने काढलं. यानातले तिघेही स्टेशनला न लागताच परतले. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला तळावर उभ्या रॉकेटला आग लागली, स्फोट व्हायच्या काही सेकंद आधी बचाव रॉकेटने तितोव आणि स्त्रेकालोव यांची कुपी उचलून दूर नेली. आणि पुढच्या एप्रिलमध्ये हेच स्त्रेकालोव, आजारी पडलेल्या रुकाविष्निकोव यांच्या जागी, आपल्या राकेश शर्मांच्या शेजारी बसले. लहानपणापासून आपण त्या मोहिमेतलं एकच नाव ऐकत आलो. उरलेली दोन नावंही मुलांना पाठ असावीत असं मला मनापासून वाटतं.

सॅल्यूत ७ वर तेव्हा लेओनिद किझिम, व्लादिमीर सोलोव्योव आणि डॉक्टर ओलेग आत्कोव हे तिघे फेब्रुवारीपासून राहत होते. पाहुणे आठवडाभर राहिले आणि परतताना यजमानांचं जुनं सोयुझ टी-१० घेऊन आले. आपलं नवं यान तिथेच ठेवलं. अंतराळात यान उभं राहून म्हातारं होतं, त्यामुळे भेटीला येणारे ताजी गाडी देऊन जुनी घेऊन जात. त्या काळात पाहुण्यांच्या फेरीचं हे एक मोठं काम असे.

एक योगायोग वर्गात नकाशावर दाखवा. १९७८ मध्ये पोलंडचे मिरोस्लाव हेर्माशेव्स्की आणि १९८० मध्ये हंगेरीचे बेर्तालान फार्काश सॅल्यूत ६ वर गेले, १९८४ मध्ये आपले शर्मा सॅल्यूत ७ वर. तिघेही सोव्हिएत यानातून. त्यानंतर चार दशकं या तिन्ही देशांनी आपला माणूस पाठवला नव्हता. २०२५ मध्ये पेगी व्हिट्सन यांच्या नेतृत्वाखाली तिघांचे वारस, शुक्ला, स्लावोश उझनान्स्की-विश्न्येव्स्की आणि तिबोर कापू, एकाच यानातून गेले.

पुन्हा वेळेकडे. यान टेकल्यावरही दार लगेच उघडत नाही. आधी कड्या पकडतात, मग हुक आवळले जातात. दोन्ही दारांच्या मधल्या पोकळीत हवा भरून ती कुठून निसटते का हे पाहतात. त्यात दीड-दोन तास सहज जातात. दार उघडल्यावर मिठ्या, फोटो, स्वागत, आणि लगेच सुरक्षेची उजळणी: आग लागली तर कुठे, दाब घटला तर कोणत्या यानात, तुमची जागा कोणती. आलेलं यान हीच पाहुण्यांची जीवरक्षक नाव असते. सातजण राहत असलेल्या घरात अकरा माणसं झाली होती. एक माणूस दिवसाला सुमारे किलोभर कार्बन डायऑक्साइड सोडतो, तो शोषणाऱ्या यंत्रांवर चौघांचा भार वाढतो. झोपायला प्रत्येकाला खोली मिळत नाही, पाहुणे ड्रॅगनमध्ये किंवा मोकळ्या कोपऱ्यात झोपण्याची पिशवी बांधतात. शिवाय पहिल्या दिवशी बहुतेकांना मळमळतं, डोकं जड होतं, कारण रक्त डोक्याकडे चढतं आणि कानातला तोल गोंधळतो. कक्षेतल्या त्या २८ तासांत शरीराला थोडी सवय होते, झोपही मिळते. तीन तासांत पोचून लगेच कामाला जुंपलं जाण्यापेक्षा हे शरीराला मानवतं, असं मला वाटतं.

मग काम सुरू. चौदा दिवसांचा बेत होता, मुक्काम अठरा दिवसांचा झाला. साठेक प्रयोग, त्यातले सात भारताचे. धारवाडच्या शास्त्रज्ञांनी पाठवलेले मूग आणि मेथी तिथे अंकुरले. मुलांना हा प्रयोग घरी ओल्या फडक्यात करता येईल, फक्त मूळ कोणत्या दिशेला जातं ते त्यांनी नीट बघावं, कारण वर त्या मुळाला ‘खाली’ कुठे ते सांगणारं कुणी नव्हतं.

परतीलाही २२ तासांहून थोडा जास्त वेळ लागला: १४ जुलैला दुपारी पावणेपाचला सुटले, १५ जुलैला दुपारी ३ वाजून १ मिनिटाने सॅन दिएगोजवळच्या समुद्रात उतरले. आता कारण मुलं स्वतःच ओळखतील. यान कक्षेत, उतरायची जागा फिरत्या पृथ्वीवर. ती जागा कक्षेखाली यायला हवी, आणि त्या वेळी तिथला वारा आणि लाटा शांत हव्यात.

वर्गासाठी एक गणित देतो. खालची फेरी ८८.५ मिनिटांची, दर फेरीला १७ अंश जवळ. उड्डाणानंतर स्टेशन ९० अंश पुढे असेल, तर नुसत्या फेजिंगला किती वेळ लागेल? उत्तर पावणेआठ तासांच्या आसपास यायला हवं. आलं नाही तर वहीची पानं मला पाठवा, चूक कुठे झाली ते आपण मिळून शोधू.